केराबाईची ओ

ऐकायचं असेल तर आधी नीट मांडी घालून बसा. ही गोष्ट गप्प बसण्याची आहे, आणि ती सांगताना कुणी मधेच बडबडलं की माझं टाळकं सरकतं. खरं किती आणि पदरचं किती ते मला विचारू नका. माझा पणजासुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. मी ऐकलं तसं सांगतो.

फार वर्षांपूर्वी आपल्या या नदीवर पूल नव्हता. अल्याड आपली सांगडवाडी आणि पल्याड बाजाराची वाट. मधे हे एवढं पाणी. पलीकडे जायचं तर सांगड. आता सांगड म्हणजे काय हेही सांगायला हवं, तुम्ही कुठून बघितलीय! वाळलेले मोठमोठे भोपळे बांबूच्या चौकटीखाली घट्ट बांधायचे, वर माणसं बसवायची आणि वल्हं मारत न्यायची. बुडत नसे. म्हणजे सहसा बुडत नसे.

पलीकडच्या काठाला पुरुषभर उंच लव्हाळं माजलेलं. तिथं कोण येऊन उभं राहिलंय ते इकडून दिसायचं नाही. म्हणून आलेल्या माणसानं हाक मारायची, इकडून सांगडवाल्यानं ओ द्यायची आणि मग सांगड पाण्यात लोटायची. हाक आणि ओ, सगळा कारभार एवढ्यावर चालायचा.

आणि गावाची एक रीत होती. सांगडीवर पाय ठेवण्याआधी घाटावरच्या कुत्र्यांना भाकरीचा तुकडा टाकायचा. नदी सुखरूप पार होते म्हणे. रीत चांगली होती हो, मुक्या जीवाच्या पोटात चार घास जायचे. पण आपले लोक कसे! कुत्रं गप्प बसलेलं असलं तर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. भुंकायला लागलं की, "घे मेल्या, गीळ आणि गप बस," म्हणून तुकडा फेकायचे. कुत्री काय खुळी असतात? त्यांनी बरोबर धडा घेतला. माणूस आला की भुंकायचं, भुंकलं की भाकरी पडते. हळूहळू पलीकडून नुसती हाक आली तरी घाटावरची पंधरा-वीस कुत्री एकदम गळा काढायची. त्यांचं ऐकून गल्लीतली, गल्लीतल्यांचं ऐकून मळ्यातली. त्या काळी सांगडवाडीत लग्नाचा वाजंत्री आला तर त्याला आपलीच सनई ऐकू येत नसे, असं म्हणतात.

तर या घाटावर, चिंचेखाली एक खोपट होतं. तिथं केराबाई राहायची, कोळ्याची केराबाई. नवरा भिवा, सांगड चालवायचा. तो एका पुरात गेला. मागं राहिली ही आणि एक पोरगा, सावळा. बाईनं पदर खोचला, वल्हं हातात घेतलं आणि नवऱ्याच्या जागी उभी राहिली. गाव आधी हसलं. मग पलीकडं जायची वेळ आली तेव्हा मुकाट्यानं तिच्याच सांगडीवर बसलं.

सावळा मोठा झाला, मिसरूड फुटलं, पण पाण्यावर काही मन लागेना त्याचं. बापाला गिळलेल्या नदीत रोज वल्हं मारायचं त्याच्या जिवावर यायचं. एक दिवस तो म्हणाला, "आये, मी जातो. पाथरवटांची टोळी आलीया पल्याड. दगडाचं काम शिकतो."

"आनि सांगड?"

"सांगड ऱ्हाऊं दे की. तूबी चल."

"तुज्या बाची सांगड हाय ती!"

शब्दाला शब्द लागला. केराबाईचं तोंड तिखट होतं, आणि त्या दिवशी मनातून ती भ्यालेली होती. भ्यालेलं माणूस काय वाट्टेल ते बोलतं. ती म्हणाली, "जायाचं तर जा. पर एक ध्यानात ठेव. उद्या पल्याडनं हाक मारलीस तर मी ओ द्यायची न्हाई."

बोलून गेली. बोललेलं परत तोंडात घालता येतं का? सावळा तसाच पाण्यात उतरला आणि पोहत पलीकडं गेला. लव्हाळ्यात शिरताना त्यानं मागं वळून पाहिलं आणि तेव्हा केराबाईनं रागानं पाठ फिरवली होती. त्याला जाताना तिनं पाहिलं नाही, ह्याचं तिला पुढं जन्मभर वाईट वाटलं.

दोन वर्षं गेली. राग तर आठ दिवसांतच उतरला होता. बाई रोज वाट बघायची. कुणी हाक मारली की सावळाच असेल म्हणून धावायची आणि कुणातरी व्यापाऱ्याला, नाहीतर बाजारकऱ्याला घेऊन परत यायची. पोराला पाठवायचा निरोप तिनं शंभर वेळा मनात तयार केला होता. पण पाथरवटांची टोळी कुठं पांगली ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग भाद्रपदातला एक दिवस आला. नदी दोन्ही काठ भरून चाललेली. केराबाई खोपटात शेंगा सोलत बसली होती. दुपारी कुत्र्यांनी जो कालवा सुरू केला तो थांबेचना. ती दोनदा उठून बाहेर आली. काही दिसेना, काही ऐकू येईना, नुसतं भो भो भो भो. तिचं डोकं उठलं. तिनं टोपल्यातल्या तीन भाकऱ्या काढल्या, तुकडे केले आणि कुत्र्यांपुढं भिरकावले. म्हणाली, "गिळा, मुडद्यांनो!" कुत्र्यांनी भाकरी खाल्ली आणि आणखी जोरात भुंकायला लागली. दिवस कलल्यावर कधीतरी गप्प झाली.

चार दिवसांनी पलीकडच्या माळावरचा हरबा धनगर सांगडीवर बसला. सहज बोलावं तसं बोलला.

"केराबाई, चार दिसांमागं आल्याला त्यो पोरगा पोचला का गं?"

"कंचा पोरगा?"

"तुज्या सावळ्यावानीच हुता बग. दुपारधरनं लव्हाळ्यात उबा. 'आये, आये' करून हाका मारत हुता. मी मेंढरं घेऊन वर हुतो. दिस बुडाया आला तवा बगितलं, तर डोक्याला हात लावून बसला हुता. मग उठून गेला. मला वाटलं, तू नेलंस."

केराबाईच्या हातातलं वल्हं गळून पाण्यात पडलं. भर धारेत सांगड गरागरा फिरायला लागली. हरबानं पाण्यात उडी मारून वल्हं आणलं, म्हणून दोघं वाचली.

बघा आता. पोरगा दोन वर्षांनी दाराशी आला होता. त्यानं दुपारभर हाका मारल्या. आणि आईनं ओ दिली नाही. ती बोलली होती तस्संच झालं. त्याला काय वाटलं असेल? आई शब्दाची पक्की निघाली, असंच वाटलं असणार की नाही? आणि इथं आई कुत्र्यांना भाकरी टाकत होती, आणखी भुंका म्हणून.

तिनं सांगड गावावर सोडली आणि महिनाभर पलीकडची गावं पालथी घातली. सावळा सापडला नाही. परत आली तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते, असं म्हणतात. एवढी माणसं घाटावर ये-जा करायची, पण तिच्याशी काय बोलावं ते कुणाला कळेना. मग लोक बोलेनासेच झाले. बसायचे, उतरायचे, निघून जायचे.

तिच्या मनानं एकच घेतलं. तो परत येईल आणि पुन्हा हाक मारेल. त्या वेळी ती आपल्याला ऐकू आली पाहिजे. पण ऐकू येणार कशी? कुत्री होतीच की.

अशात एक दिवस गावचा नारबा तेली डोक्यावर पोतं घेऊन घाटावर आला. पोतं वळवळत होतं आणि आतून त्याचं कुत्रं भुंकत होतं. त्या कुत्र्याचं नावच लोकांनी बोंबल्या ठेवलं होतं. पान पडलं की भुंकायचं, कावळा बसला की भुंकायचं, स्वतःची सावली हलली तरी भुंकायचं. नारबा बैल घेऊन सकाळीच घाण्यावर जायचा आणि हे दिवसभर अंगणात दोरीला एकटं.

"केराबाई, मधल्या धारंत सोड ह्याला," नारबा म्हणाला. "माझी तर झोप ग्येली, बायकू म्हायेरी ग्येली. दगूड बांदलाय आत."

केराबाईनं पोतं सांगडीवर घेतलं. मधल्या धारेपर्यंत गेली. पोत्याला हात घातला, तेव्हा आतलं कुत्रं एकदम गप्प झालं आणि पोत्यातूनच तिच्या हाताला नाक लावून राहिलं. बाई तशीच बसली. मग तिनं सांगड वळवली, काठाला लावली आणि पोतं सोडलं. म्हणाली, "नारबा, ह्यो माझा. तू जा."

"अगं, डोकं खाईल तुजं!"

"खाऊं दे. माज्या डोक्यात आता हाय काय दुसरं?"

आता तुम्हाला वाटेल, बाईनं फुंकर मारली आणि कुत्रं गप्प झालं. छट्! असं कुठं असतं! आधी तिनं सगळ्या चुका केल्या. ती त्याच्यावर ओरडली. कुत्र्याला वाटलं, ही पण माझ्याबरोबर भुंकतीय, आणि त्याला जोर चढला. मग तिनं भाकरी टाकली. त्यानं ती गिळली आणि आणखी मागितली. मग तिनं त्याच्या तोंडाला दोरी बांधली. तेव्हा ते गप्प बसलं खरं, पण दिवसभर तिच्याकडे असं बघत राहिलं की संध्याकाळी तिनंच दोरी सोडून नदीत फेकून दिली आणि त्याला पोटाशी धरून रडली.

दुसऱ्या दिवशी ते लव्हाळ्याकडे तोंड करून भुंकत होतं. बाई थकली होती. ओरडायचंही त्राण नव्हतं. ती उठली, त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि ते बघत होतं तिकडं तिनंही बघितलं. पाण्यावर एक बगळा होता. ती हळूच म्हणाली, "बगितला रं बाबा. ऐकलं मी तुजं. बास आता."

कुत्र्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आणि गप्प झालं.

घटकाभरानं पुन्हा भुंकलं, तो भाग वेगळा. पण केराबाईला कळायचं ते कळलं होतं. ते मुकं जनावर हाका मारत होतं आणि आजवर त्याला कुणी ओ दिली नव्हती. ओ मिळत नाही म्हणून ते पुन्हा पुन्हा हाक मारत होतं. तिचं काळीज हललं. तिच्या घरचं दुखणंही तेच होतं ना!

त्या दिवसापासून बाईनं त्याला शिकवायला घेतलं. लोक पहाटे दळतात, ही भर दुपारी घाटावर जातं मांडून बसायला लागली. कुत्रं भुंकलं की उठायचं, ते बघतंय तिकडं बघायचं, "ऐकलं" म्हणायचं आणि जात्याशी येऊन बसायचं. ते गप्प झालं की जात्याचा एक फेरा घ्यायचा. फेरा पुरा होईतो गप्प राहिलं तर भाकरीचा कुटका त्याच्या तोंडाशी. मधेच भुंकलं तर जातं थांबलं, कुटका मुठीत आणि बाईची पाठ त्याच्याकडे. दुसऱ्या आठवड्यात दोन फेरे. मग पाच. मग मूठभर जोंधळे दळून होईपर्यंत. रिकामं बसलं की त्याला भुंकायला सुचतं हेही तिच्या ध्यानात आलं, म्हणून प्रत्येक खेपेला ती त्याला पाण्यात घ्यायची. सांगडीमागं पोहून दमलं की येऊन गपगार पडायचं. लोक म्हणायचे, केरी खुळी झाली, कुत्र्यापायी दुपारी दळतीया. म्हणोत.

वर्षभरात बोंबल्या असा तयार झाला, की पलीकडे माणूस आलं तर तीनदा भुंकायचा, मोजून तीनदा. मग मागं वळून केराबाईकडे बघायचा. ती "ऐकलं" म्हणाली की संपलं. आणि त्या शांततेत पलीकडची हाक स्पष्ट ऐकू यायची.

पण एक गप्प होऊन काय होतंय? गावात शे-दीडशे होती. मग नारबा तेलीच एक दिवस ओशाळून आला. त्यानं नवं कुत्रं आणलं होतं आणि तेही बोंबलत होतं. केराबाईनं त्याला दारात उभं करून असं झाडलं, की ते शब्द गाव अजून विसरलेलं नाही.

"कुत्र्याला कशापायी बोल लावतोस? भुंकायला तुमीच शिकवलंत. गप बसल्यावर कवा कुटका टाकलात त्याला? आन कवा इचारलंत, का रं बाबा, काय दिसलं तुला?"

मग बाई घरोघर गेली. ज्याच्या घरी कुत्रं, त्या घरातल्या सगळ्यांनी एकच रीत पाळायची. भुंकणाऱ्या तोंडात तुकडा पडणार नाही. एकानं जरी टाकला तरी सगळी मेहनत पाण्यात. सासवांनी नाकं मुरडली, म्हाताऱ्यांनी चोरून तुकडे टाकले, बाईनं त्यांना पकडून चारचौघांत सुनावलं. तीन वर्षं लागली. तीन वर्षांनी एका दुपारी सगळं गाव एकदम थबकलं, कारण कुणालाच काही कळेना की आज वेगळं काय आहे. मग कळलं. नदीचा आवाज ऐकू येत होता. जन्म काठावर गेला होता त्यांचा, आणि नदी त्यांनी पहिल्यांदा ऐकली. शेताच्या टोकाला जोंधळ्याच्या पानावर पान घासलेलं ऐकू यायचं, विहिरीत पोहरा टेकलेला गल्लीत कळायचा, असं म्हणतात.

कुत्री शांत झाली. सावळा काही आला नाही.

केराबाई घाटावर बसून राहायची. शेजारी बोंबल्या. दोघांची तोंडं पलीकडे. रोज दुपारी, कुणी हाक मारलेली नसताना, ती उभी राहून लांबलचक ओ द्यायची. "ओऽऽऽ!" पाण्यावरून ती जायची, लव्हाळ्यात शिरायची आणि तिथं विरायची. बाजारकरी बाया तेवढ्या वेळ डोळ्याला पदर लावून उभ्या राहायच्या. कुणी विचारलं, "का गं माये, कुणाला ओ देतीस?" तर म्हणायची, "त्या दिवसाची ऱ्हायलीया माजी."

असं किती वर्षं? कुणी सात म्हणतं, कुणी नऊ. एका दुपारी ओ आली नाही. लोक धावत गेले, तर बाई जात्याशी टेकून बसल्या बसल्या गेलेली. बोंबल्या तिच्या पायाशी गप्प पडलेला होता. त्यानं आकांत केला नाही. त्याला तिनं शिकवलंच होतं तसं.

सांगड मग नारबा तेल्यानं घेतली. घाणा भावाला दिला आणि हा वल्हं मारायला लागला. बोंबल्याला त्यानंच भाकरी घातली. पण कुत्रं त्याच्या घरी काही गेलं नाही. चिंचेखालीच राहिलं. पलीकडे माणूस आलं की तीनदा भुंकायचं आणि मागं वळून जात्याकडे बघायचं. तिथं कुणी नसायचं. मग बिचारं परत तीनदा भुंकायचं, परत बघायचं. नारबा "ऐकलं, ऐकलं" म्हणायचा, पण त्याच्यानं समाधान व्हायचं नाही. शेवटी आपलं आपणच दमून खाली बसायचं.

आणि मग आणखी तीन वर्षांनी, भाद्रपदातच, भर दुपारी पलीकडून हाक आली.

"आयेऽऽऽ!"

बोंबल्या आता पार म्हातारा झाला होता, कानानं अधू. तरी उठला. तीनदा भुंकला. मागं वळून जात्याकडे बघितलं. नारबा घाटावरच होता. गल्लीत बाया होत्या, मळ्यात गडी होते. सगळ्यांनी ती हाक ऐकली, कारण गावात दुसरा आवाजच नव्हता. नारबानं ओ द्यायला तोंड उघडलं.

त्याआधीच ओ आली होती.

लांबलचक, पाण्यावरून जाणारी. मग गल्लीतून बायांनी ओ दिली, मळ्यांतून गड्यांनी दिली, सगळं गाव ओ ओ करत घाटाकडे धावलं. पण ती पहिली कुणाची? बायांना वाटलं नारबाची. नारबा पुढं मरेपर्यंत देवाची आण घेऊन सांगायचा, "माजं नुसतं त्वांड उगाडलं व्हतं. आवाज माजा न्हवता." बोंबल्या मात्र एकदाच जात्याकडे बघून शांत झाला होता. पुन्हा भुंकला नाही. कुणीतरी त्याला "ऐकलं" म्हटल्याशिवाय तो शांत होत नसे, हे तर तुम्हाला मी सांगितलंच आहे.

नारबानं सांगड नेली. लव्हाळ्यात एक पोक्त माणूस उभा होता, हात दगडकामानं फुटलेले, डोळ्यांतून पाणी. त्याला घेऊन सांगड अल्याडच्या काठाला लागल्या लागल्या त्यानं उडी मारली आणि खोपटाकडे पळाला. खोपट पडलेलं. तो गोंधळून सगळ्यांकडे बघायला लागला.

"आय कुठं हाय?" सावळा म्हणाला. "आत्ता तर ओ दिली तिनं."

नारबानं त्याला जात्यापाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. कुत्र्यांचं, भाकरीचं, दळणाचं, रोज दुपारच्या ओचं. सावळा गुडघ्यात डोकं घालून ऐकत होता. मग म्हणाला, "मला वाटलं, ती रागातच हाय अजून. म्हून आलो न्हाई. एवढी वर्सं आलो न्हाई." बोंबल्या उठला, लटपटत त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या हाताला नाक लावून पडून राहिला.

सावळा मग गेला नाही. घाटाच्या पायऱ्या आहेत ना, त्या त्याच्या हातच्या. पहिल्या पायरीवर त्यानं एक जातं कोरलंय आणि शेजारी कुत्रं. झिजलंय आता, हात फिरवला तर कळतं.

पूल झाला, सांगड गेली, दळण गिरणीत जातं. पण आपल्या गावात अजून भुंकणाऱ्या कुत्र्याला कुणी तुकडा टाकत नाही. आधी उठून बघायचं, "ऐकलं" म्हणायचं, हवेत हातानं जात्याचे पाच फेरे घ्यायचे आणि मग कुटका. पाहुणे हसतात. हसू देत. सांगडवाडीत माणसं भांडतात, शिव्या देतात, एकमेकांची डोकी फोडतात, पण "हाक मारलीस तर ओ देणार नाही" एवढं कुणी कुणाला म्हणत नाही.

आणि भाद्रपदात, सावळा परत आला त्या तिथीला, सगळं गाव कुत्र्यांना घेऊन घाटावर जमतं. ज्याची आई त्या वर्षात गेली असेल, तो पुलावरून पलीकडे जातो आणि लव्हाळ्यातून हाक मारतो. हाक ऐकली तरी लगेच कुणी ओ देत नाही. सगळ्यांनी थोडं थांबायचं, अशी रीत आहे. पहिली ओ केराबाईची. ती झाली की मग आपण द्यायची.

ती खरंच ऐकू येते का? त्या दिवशी या आणि गप्प उभे राहा. चला, उठा आता. तुमच्या घरून केव्हाची हाक येतीय. आधी ओ द्या.